‘घरीच असते’ असं लिहू नका! अपघातानंतर बाईच्या कामाची किंमत आणि भरपाईचा हक्क



गटात नवीन सभासद आली की आपण तिला विचारतो, “ताई, तुम्ही काय करता?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “काही नाही हो, घरीच असते.” असं सांगणारी बाई पहाटे उठून दोन म्हशींची धार काढून, दूध डेअरीला घालून, पोरांचे डबे भरून, सासूबाईंना गोळ्या देऊन, दुपारपर्यंत निंदणी करून मग बैठकीला आलेली असते. बैठकीत आपण हे ऐकून हसतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

पण हेच दोन शब्द एका ठिकाणी फार महागात पडतात. ते ठिकाण म्हणजे अपघातानंतर लिहिला जाणारा कागद. दवाखान्यात किंवा पोलीस ठाण्यात जबाब घेताना विचारतात, “बाई काय करत होत्या?” घरातलं माणूस रडत रडत सांगतं, “काही नाही साहेब, घरीच असायची.” तसंच लिहिलं जातं. पुढे भरपाईचा हिशेब होतो तेव्हा समोरच्या विमा कंपनीचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवतो.

म्हणून या अंकात रस्ते अपघाताच्या भरपाईबद्दल सविस्तर बोलू. हा विषय अशुभ वाटतो, पण बिनकामाचा नाही. बाजार, बँक, मजुरी, माहेर अशा कामांसाठी आपण रोज रस्त्यावर असतो.

भरपाई म्हणजे मदत नव्हे, हक्क

रस्त्यावर अपघात झाला की दोन वेगवेगळी प्रकरणं सुरू होतात. पहिलं फौजदारी. निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल पोलीस चालकावर गुन्हा नोंदवतात आणि न्यायालय त्याला शिक्षा द्यायची की नाही ते ठरवतं. दुसरं भरपाईचं. ते मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ‘मोटार अपघात दावा न्यायाधिकरणा’समोर चालतं. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं.

या दोन प्रकरणांत गल्लत करू नका. “पोलिसांनी केस केली आहे, आता पैसे मिळतील,” असं समजून अनेक घरं गप्प बसतात. तसंच चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. शिक्षा देण्यासाठी पक्का पुरावा लागतो. भरपाईसाठी ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं दिसलं तरी न्यायाधिकरण विचार करतं.

भरपाई कोण देतं? रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. त्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई द्यायची, त्यासाठीच तो विमा असतो. म्हणजे दावा केला की पैसे बहुधा विमा कंपनीकडून येतात. गाडीवाला आपल्या ओळखीचा असला तरी सहसा त्याचं घर बुडत नाही. एसटीमुळे अपघात झाला तर दावा महामंडळावर होतो.

दावा कोण करू शकतं? जखमी माणूस स्वतः करू शकतो. मृत्यू झाला असेल तर नवरा, बायको, मुलं, आई-वडील असे वारस करू शकतात. लग्न झालेली मुलगीसुद्धा वारस म्हणून अर्जात नाव घालू शकते. आणखी एक लक्षात ठेवा. नवरा गेल्यावर बाईने पुन्हा लग्न केलं तर तिचा हक्क गेला, असं सांगून तिला कागदावरून काढतात. तसं नाही. पुनर्विवाहामुळे भरपाईचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

घरकामाला किंमत कशी मिळाली

नोकरी करणाऱ्याची पगाराची स्लिप असते. आपल्या कामाची स्लिप कोण देणार? हा प्रश्न न्यायालयापुढेही होता आणि त्याचं उत्तर एका दिवसात आलेलं नाही.

१९८९ साली जमशेदपूरला एका कार्यक्रमात आग लागून अनेक बाया-मुलं गेली. त्यांच्या भरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. त्यात घरकाम करणाऱ्या बाईच्या सेवेची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. हा रस्ते अपघात नव्हता, पण घरकामाची किंमत पैशात मोजायची हे तत्त्व पुढे अपघाताच्या दाव्यांतही वापरलं जाऊ लागलं.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गृहिणीच्या अपघाती मृत्यूच्या दाव्यात आणखी पुढे जाऊन बोललं. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या कोट्यवधी बायांना ‘काम न करणारे’ म्हणून भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं होतं. न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली.

मग ५ जानेवारी २०२१ चा निकाल आला. २०१४ मध्ये दिल्लीत मोटारसायकलवरून जाणारं एक जोडपं अपघातात गेलं. मागे दोन लहान मुली राहिल्या. उच्च न्यायालयाने ठरवलेली २२ लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने वाढवून ३३ लाख २० हजार केली. न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी त्या निकालात सरकारच्याच २०१९ च्या पाहणीतले आकडे दिले. बाया घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. लेकरं-म्हातारी माणसं सांभाळण्यात बायांची १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६. स्वयंपाक, किराणा, घराची निगा आणि पैशाचं नियोजन यांशिवाय गावातल्या बाया पेरणी, कापणी आणि जनावरांचंही बघतात, हेही त्यात नमूद आहे. नोकरदार माणसाच्या हिशेबात पुढे पगार वाढला असता म्हणून काही रक्कम मिळवतात. तशी वाढ गृहिणीच्या हिशेबातही धरावी, असं या निकालाने सांगितलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की गृहिणीच्या कामाची किंमत रोजंदारीवरच्या मजुरापेक्षा कमी धरता येणार नाही. खालच्या पातळीवर अडीच लाख मिळाले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते ६ लाख केले.

म्हणजे कायदा आपल्या बाजूने बराच पुढे आला आहे. पण आपण लिहिताना मागे पडलो तर त्याचा उपयोग होत नाही.

हिशेब कसा मांडतात?

मृत्यूच्या दाव्याचा हिशेब अंदाजाने होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी त्याची रीत ठरवून दिली आहे. एक उदाहरण घेऊ.

समजा, ३८ वर्षांची एक ताई. मागे नवरा, दोन मुलं आणि सासू, म्हणजे चार जण तिच्यावर अवलंबून. तिच्या कामाची किंमत न्यायाधिकरणाने महिन्याला ९,००० रुपये धरली असं मानू. (हा आकडा फक्त समजण्यासाठी आहे. खरा आकडा पुराव्यावर ठरतो.)

पहिली पायरी: वय ४० च्या आत आणि कायम नोकरी नाही, म्हणून भविष्यातली वाढ ४० टक्के. ९,००० अधिक ३,६०० म्हणजे १२,६०० रुपये. (वय ४० ते ५० असेल तर वाढ २५ टक्के, ५० ते ६० असेल तर १० टक्के.)

दुसरी पायरी: वर्षाचे झाले १,५१,२०० रुपये.

तिसरी पायरी: तिचा स्वतःचा खर्च वजा करायचा. अवलंबून असलेले २ किंवा ३ जण असतील तर एक तृतीयांश, ४ ते ६ असतील तर एक चतुर्थांश. इथे एक चतुर्थांश वजा केला की उरले १,१३,४०० रुपये.

चौथी पायरी: वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. त्याला ‘गुणक’ म्हणतात. ३६ ते ४० वयाला गुणक १५ आहे. २६ ते ३० ला १७, ४६ ते ५० ला १३, ५६ ते ६० ला ९.

१,१३,४०० गुणिले १५ म्हणजे १७,०१,००० रुपये. यावर अंत्यविधीचा खर्च आणि जवळचं माणूस गमावल्याबद्दलची ठरलेली रक्कम वेगळी मिळते. व्याजही मागता येतं.

आता तीच ताई, पण कागदावर ‘काही करत नव्हती’ असं आहे आणि तिच्या कामाचा एकही पुरावा नाही. समजा म्हणून जुनाच ३,००० चा आकडा धरला गेला. मग याच रीतीने उत्तर येतं ५,६७,००० रुपये. फरक ११ लाख ३४ हजारांचा. लेकरांच्या शिक्षणाचे हे पैसे एका ओळीमुळे जाऊ शकतात.

जखमी झालेल्या बाईचा हिशेब वेगळा असतो. दवाखान्याचा आणि औषधांचा खर्च, जाण्या-येण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास, पुढच्या उपचारांचा खर्च आणि कायमचं अपंगत्व आलं असेल तर कमाईवर होणारा परिणाम, हे सगळं त्यात येतं. उजवा हात निकामी झाला तर बाईला भाकरी थापता येत नाही, धार काढता येत नाही, शिलाई मशीन चालवता येत नाही. हे अर्जात असंच उघड लिहायला हवं. तिच्या सेवेला माहेरहून आई येऊन राहिली असेल तर त्या सेवेलाही किंमत आहे. तेही लिहा.

आपल्या गटाची वही हाच पुरावा

“पण आमच्याकडे कागद कुठे आहेत?” असं म्हणू नका. गटात असलेल्या बाईकडे इतर कोणाहीपेक्षा जास्त कागद असतात.

दर महिन्याची बचत आणि कर्जाची परतफेड गटाच्या वहीत लिहिलेली असते. जी बाई दरमहा हप्ता भरते तिला कमाई आहे, हे त्या वहीवरूनच दिसतं. शेळी, म्हैस, शिलाई मशीन, पापड-मसाला यांसाठी कर्ज घेतलं असेल तर ठरावात व्यवसायाचं नाव असतं. बँकेचं पासबुक, डेअरीच्या पावत्या, रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, प्रदर्शनात लावलेल्या स्टॉलची पावती, सातबाऱ्यावरचं नाव, हे सगळं कामाला येतं. गरज पडली तर गटाच्या अध्यक्ष किंवा सचिव ताई वही घेऊन साक्षही देऊ शकतात.

म्हणून इतिवृत्त लिहिताना आळस करू नका. ‘सौ. अमुक यांना कर्ज दिले’ एवढंच न लिहिता ‘दोन शेळ्या घेण्यासाठी’ हेही लिहा. आज ही एक ओळ जास्तीची वाटेल, पण उद्या तीच एखाद्या घराचा आधार होईल.

जबाब देताना, अर्ज भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं? जे खरं आहे ते पूर्ण लिहायचं. ‘घरकाम, स्वतःच्या शेतात काम, दोन म्हशींचा दूधव्यवसाय, हंगामात शेतमजुरी.’ खोटं एक अक्षर घालू नका, कारण खोटं उघडं पडलं की खऱ्यावरही विश्वास राहत नाही. पण खरं झाकूही नका.

पहिल्या तासात काय करायचं?

आधी जीव वाचवा. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येते. ११२ ला केला तर पोलीस येतात. “पोलिसांच्या भानगडीत नको,” म्हणून लोक जखमीला हात लावत नाहीत. तुम्ही ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ घातलं आहे. चांगल्या भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, त्याला नाव-पत्ता सांगायची किंवा साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही.

रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार मिळावेत अशी योजना केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये लागू केली आहे. दवाखान्यात याबद्दल स्पष्ट विचारा.

मग गाडीचा नंबर. मोबाइलवर गाडीचा, नंबर प्लेटचा, रस्त्याचा आणि चाकांच्या खुणांचा फोटो काढा. कोणी पाहिलं असेल त्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या.

पोलिसांत लवकर कळवा. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या. दवाखान्यात “अपघात झाला आहे” असंच सांगा. “पाय घसरून पडली” असं सांगितलं आणि केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं, तर पुढे ते पुसता येत नाही. औषधाची प्रत्येक पावती, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रिक्षा-जीपच्या भाड्याची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि पंचनाम्याची प्रत घ्या.

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांचा छापील कागद १० दिवसांत द्यायचा असतो. हे होतंय का, असं नम्रपणे पण ठामपणे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. जाताना ग्रामसंघाच्या दोघी-तिघी सोबत न्या.

सहा महिने लक्षात ठेवा

भरपाईचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करायचा, अशी तरतूद एप्रिल २०२२ पासून लागू आहे. ‘दिवस-वार होऊ दे, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू,’ असं म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते. दुःख मोठं असतं हे खरं, पण कॅलेंडर थांबत नाही. मुदत टळली असेल तरीही आपणच हार मानून बसू नका. पोलिसांचा अहवालही दावा म्हणून धरता येतो. लगेच विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा.

अर्ज कुठे करायचा? अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही जिथे राहता तिथेसुद्धा. ऊसतोडीला, वीटभट्टीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या कुटुंबाचा अपघात तिकडे झाला तर तारखेला तिकडेच फेऱ्या मारायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात दावा करता येतो.

अडचणीचे तीन प्रसंग

एक, गाडी पळून गेली. नंबर मिळालाच नाही, तरी वाट बंद नाही. अशा अपघातात मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर ५० हजार रुपये देण्याची योजना आहे. यासाठी न्यायालयात नाही, महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो.

दोन, चूक कोणाची ते सिद्ध होणं अवघड आहे. कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. पण ही ठरलेली रक्कम स्वीकारली की मोठ्या दाव्याची वाट बंद होते. वर आपण १७ लाखांचा हिशेब पाहिला. म्हणून विमा कंपनीचा माणूस दारात चेक घेऊन आला तरी वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

तीन, आणि हा आपल्या सगळ्यात जवळचा प्रसंग. मजुरीला जाताना टेम्पोत, पिकअपमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसणं. ही वाहनं माल नेण्यासाठी असतात. त्यांचा विमा साधारणपणे अशा बसलेल्या प्रवाशांसाठी नसतो. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते आणि दावा गाडीमालकावर उरतो. मालकाकडे पैसे नसतील तर निकाल हातात असूनही वसुली होत नाही. कधी न्यायालय ‘कंपनीने आधी द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे’ असा हुकूम देतं, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच मुकादमाशी आणि शेतमालकाशी बोलताना सगळ्या जणींनी मिळून माणसांसाठीचीच गाडी मागा. एकटीने मागितलं तर ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतील. वीस जणींना तसं म्हणणं सोपं नसतं.

दुचाकीचंही तपासा. घरच्या दुचाकीचा फक्त ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर ती गाडी घसरून मागे बसलेल्या बाईला लागलं, तर त्या विम्यातून तिला सहसा काही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर मिळू शकतं. दुचाकीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही असतो. मात्र मालक स्वतः चालवत असला आणि त्याच्याकडे परवाना असला तरच तो लागू होतो. पॉलिसीचा कागद काढून बघा, त्यात हा हप्ता भरलेला आहे का? आणि हेल्मेट मागे बसणारीलाही सक्तीचं आहे. पदर आणि ओढणी आवरून बसा, चाकात अडकून जीव गेल्याच्या घटना घडतात.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये खात्यातून जातात की नाही, तेही बघा. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. हे पैसे मिळाले म्हणून न्यायाधिकरणातली भरपाई कमी होत नाही. दोन्ही मागता येतात.

‘गावातच मिटवून टाका’

अपघातानंतर आठवडाभरात मध्यस्थ येतो. “माणूस तर परत येणार नाही. वीस हजार घ्या, कोऱ्या कागदावर सही करा, कशाला कोर्टाची पायरी?” घरात तेव्हा दवाखान्याचं कर्ज झालेलं असतं, त्यामुळे सही होते. मग पुढे दावा केला की तोच कागद समोर येतो. तातडीची गरज असेल तर गटातून, ग्रामसंघाच्या निधीतून कर्ज घ्या. सही करून हक्क विकू नका.

दुसरा येतो तो एजंट. “खर्च माझा, आलेल्या पैशातले निम्मे माझे.” वकिलाने भरपाईत वाटा ठरवून घेणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. कोरे चेक, पासबुक, एटीएम कार्ड कोणाच्याही हातात देऊ नका.

मग वकील कुठून आणायचा? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न कितीही असो, दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोन नंबर १५१००. लोकअदालतीतही असे दावे लवकर मिटतात. मात्र तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. रक्कम समजून घ्या, घरच्यांशी बोला, मगच हो म्हणा.

आणि पैसे आले की कोणाच्या खात्यात? बाईचा वाटा बाईच्याच खात्यात जायला हवा. न्यायाधिकरण बऱ्याचदा विधवेच्या आणि मुलांच्या रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवतं, म्हणजे कोणी एका फटक्यात काढून घेत नाही. “कशाला अडकवून ठेवायचं?” म्हणणाऱ्यांचं ऐकण्याआधी मुलांच्या शाळेची वर्षं मोजा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

हा लेख मोठ्याने वाचा. मग प्रत्येकीने सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतची आपली कामं सांगायची आणि लिहिता येणारीने ती वहीत उतरवायची. त्याच पानावर घरातली कमाईची कामं, दूध किती लिटर, मजुरीचे किती दिवस, शिलाईचे किती कपडे, हेही लिहा. खाली तारीख टाकून सह्या घ्या. एका प्लास्टिकच्या पिशवीत पासबुकाची, आधारची, जॉब कार्डाची झेरॉक्स आणि गाडीच्या विम्याचा कागद ठेवा. ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला सांगून ठेवा. भिंतीवर तीन नंबर लिहा: १०८, ११२, १५१००.

देव करो आणि त्या पिशवीची कधी गरज न पडो. पण पुढच्या वेळी कोणी विचारलं, “ताई, तुम्ही काय करता?” तर ‘घरीच असते’ म्हणू नका. जे जे करता ते सगळं सांगा.